माणसाविना उघडणारा व्हॉल्व्ह

दावणगेरे
१२ जून २०१७

चि. कोट्रेश यास,

अनेक आशीर्वाद. परवा तू दोनदा फोन केलास आणि दोन्हीदा मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला, त्याचा राग धरू नकोस. गेल्या वर्षी पथदिव्यांच्या कामात चौकशीवाल्यांनी माझ्या फोनचे आठ महिन्यांचे कागद माझ्यासमोर पसरले होते. तेव्हापासून धंद्याचं बोलणं मी पत्रातच करतो. हालुकेरीच्या बसचा ड्रायव्हर बसण्णा आपला माणूस आहे. उत्तर त्याच्याकडे दे. तुझी अक्का म्हणते, आपलं लग्न ठरलं तेव्हा मला एक चिठ्ठी आली नाही आणि माझ्या भावाला पानंच्या पानं.

आता मुद्द्याचं. तुमच्या पुरसभेला गावातले एकतीस पाण्याचे व्हॉल्व्ह मोबाईलवरून उघडायचं सॉफ्टवेअर घ्यायचंय आणि निविदेच्या अटी लिहायचं काम पाण्याचा इंजिनियर म्हणून तुझ्याकडे आलंय. हे मला तुझ्या आधी कळलं. अटी मी लिहून सोबत पाठवतोय, तू नुसत्या पुरसभेच्या कागदावर उतरव. अट सात नीट बघ. कंपनीनं पंचवीस हजार वस्तीच्या आतल्या गावात असंच काम केलेलं असावं, आणि तिचं ऑफिस हालुकेरीपासून शंभर किलोमीटरच्या आत असावं. अख्ख्या कर्नाटकात असा एकच माणूस आहे आणि तो रोज तुझ्या अक्काच्या हातचं जेवतो.

सोबत मंडक्कीची, चुरमुऱ्यांची पुडी आहे. बसण्णानं वाटेत फोडली नसेल तर तुझ्या लेकीला, सहनाला दे.

तुझा भावोजी,
गुरुशांतप्पा

*

हालुकेरी
१९ जून

ती. भावोजींस,

शरणु शरणार्थी. पुडी अर्धीच पोचली, अटी मात्र सगळ्या पोचल्या. उतरवून घेतल्या. अट अकरापाशी हात अडला. 'प्रणाली सुरू झाल्यावर कोणत्याही व्हॉल्व्हपाशी माणसाची गरज भासता कामा नये.' आमच्याकडे व्हॉल्व्ह फिरवणारे पाच नीरगंटी आहेत, त्यांचं काय करायचं?

त्यातला ओबळेश तुम्ही पाहिलाय. सहनाच्या बारशाला घरची मोटर बिघडली तेव्हा टाकी त्यानंच भरून दिली होती. त्याचा आजा तळ्याचा तूम उघडून शेतांना पाणी सोडायचा, बाप सोडायचा, हा वीस वर्षं नळाचे व्हॉल्व्ह उघडतोय. ऑफिसात पाइपांचा नकाशा नाही. नकाशा लागला की आम्ही ओबळेशला हाक मारतो. तो जमिनीवर काटकीनं रेघा ओढतो, आम्ही त्या कागदावर घेतो आणि वरती पाठवतो.

निविदेचं त्याच्या कानावर गेलंय. काल मला म्हणाला, "साहेब, मोबाईल व्हॉल्व्ह फिरवणार, मग मी काय फिरवू? रेडिओचं बटण?" हसत म्हणाला, पण त्याची बायको तिप्पक्का मागे उभी होती, ती हसत नव्हती. दोन मुलं शिकताहेत. अट अकरा थोडी सैल करा. बाकीच्यांचं बघू, एवढ्या एकाला ठेवून घ्या. माझं तेवढं मागणं आहे.

आपला,
कोट्रेश

*

दावणगेरे
२७ जून

चि. कोट्रेश,

तू लहानपणापासून असाच. गावजत्रेत बोकड कापायच्या वेळी पुढे बसायचास आणि मग आठ दिवस जेवायचा नाहीस.

अरे, या कामाला बंगळूरहून मंजुरी मिळाली तीच मुळी पाच नीरगंट्यांचे पगार वाचणार म्हणून. फाईलच्या पहिल्या पानावर तेच आहे. एकाला ठेवलास तर वरचा माणूस विचारणार, मग यंत्र कशाला? अट अकरा हलणार नाही. ओबळेशला म्हणावं, माझ्या गोदामावर राखणदार लागतो, काम झालं की बघू.

तीन कंपन्यांच्या निविदा येतील. एक माझी. दुसरी आमच्या चिरंजीव विरूपाक्षच्या मित्राच्या नावानं. तिसरी माझ्या ड्रायव्हरच्या बायकोच्या नावानं, ती सही करताना मला विचारत होती, "अण्णा, सॉफ्टवेअर म्हणजे ते कपडे धुवायचं का?" त्या दोन्ही अट सातमध्ये पडतील. तू पाड.

आणि हो, तुझी अक्का मागे लागली आहे. मामाच्या मुलीवर पहिला हक्क तिच्या लेकाचा. विरूपाक्षलाही सहनाच हवी आहे, तोंडानं बोलत नाही एवढंच. हे काम पार पडू दे, मार्गशीर्षात बार उडवून टाकू.

गुरुशांतप्पा

*

हालुकेरी
८ सप्टेंबर

ती. भावोजींस,

बसण्णाकडे तीन निरोप दिले, उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची माणसं येऊन व्हॉल्व्हवर मोटरी बसवून गेली. मोटर गुरगुरते, व्हॉल्व्ह ढिम्म. व्हॉल्व्ह तीस वर्षांचे आहेत. ओबळेश आधी उलटा पाव फेरा देतो, मग टाचेनं एक लाथ घालतो, मग सरळ फिरवतो. ती लाथ तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. तरी मोबाईलवर बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो. व्हॉल्व्ह बंद, नळ कोरडे, दिवा हिरवा. तुमच्या इंजिनियरला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "सर, दिवा बटणाला जोडलाय, व्हॉल्व्हला नाही."

पाचही नीरगंट्यांना १ ऑगस्टपासून कमी केलं. चौथ्या दिवशी बायका घागरी घेऊन ऑफिसात शिरल्या. अध्यक्षांच्या टेबलावर घागरी मांडल्या. शेवटी मी ओबळेशला गुपचूप बोलावलं. तो पहाटे फिरून सगळे व्हॉल्व्ह उघडतो, मग मी ऑफिसात बसून बटणं दाबतो. कागदोपत्री तो कुठंच नाही. त्याला रोज माझ्या खिशातून देतो.

आता आमदारांनी दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी चाचणी ठरवली आहे. जिल्ह्याचे अधिकारी येणार. त्यांच्यासमोर मुख्य टाकीचा व्हॉल्व्ह बटणानं उघडायचा आणि मग मी 'काम समाधानकारक' असा दाखला द्यायचा. तुमच्या पाया पडतो, तारीख पुढे ढकला.

कोट्रेश

*

दावणगेरे
१३ सप्टेंबर

कोट्रेश,

तारीख ढकलणार नाही. आमदारांनी ढोलवाले ठरवलेत, फोडायला कोहळे आणलेत. तू उगाच रडत बसतोस. उत्तर तुझ्याच पत्रात आहे. ओबळेशला टाकीच्या व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये, जमिनीखाली उतरव. आमदार बटण दाबतील, तू टेबलाखालून ओबळेशला मिस्ड कॉल दे, तो व्हॉल्व्ह फिरवेल. समोरच्या नळाला पाणी येईल, टाळ्या पडतील.

एकच बघ. ते चेंबर मैदानाच्या मधोमध आहे. झाकण दिसलं तर जिल्ह्याचा एखादा साहेब वाकून बघायचा. म्हणून मंच त्याच्यावरच घाल. फळ्या, वर गालिचा, वर खुर्च्या. माणसं स्वतःच्या पायाखाली बघत नाहीत.

गोदामातल्या नोकरीचं त्याला पक्कं सांग. सहनाच्या साडीचा रंग तुझ्या अक्कानं विचारलाय.

गुरुशांतप्पा

*

हालुकेरी
१ ऑक्टोबर

भावोजी,

तुम्ही जेवायला न थांबता निघून गेलात, म्हणून पुढचं तुम्हाला ठाऊक नसेल. ओबळेश गेला.

दहा वाजता त्याला उतरवला. उतरताना म्हणाला, "साहेब, मोबाईल वर, मी खाली. जोडी जमली." पानाचा विडा तोंडात होता. झाकण लावलं, फळ्या टाकल्या. आमदार आले साडेबाराला. अडीच तास तो अंधारात बसून होता. बटण दाबलं, मी मिस्ड कॉल दिला, नळाला पाणी आलं. टाळ्या तुम्ही ऐकल्यातच. मग भाषण, मग ढोल, मग सगळे जेवायला गेले. फळ्या काढायला पाऊण तास लागला. झाकण उचललं तेव्हा पाणी काठापर्यंत होतं.

व्हॉल्व्हच्या वरचा जोड निसटला. तुमच्या माणसांनी मोटर बसवताना आठातले चारच बोल्ट लावले होते. बाकीचे चार तिथेच कोपऱ्यात एका पिशवीत सापडले.

ढोलांच्या दणदणाटात वर काहीच ऐकू आलं नाही. निदान मला तरी आलं नाही. तिप्पक्काला काय सांगू? तुम्ही या.

कोट्रेश

*

दावणगेरे
३ ऑक्टोबर

चि. कोट्रेश,

वाचून फार वाईट वाटलं. तुझी अक्का काल जेवताना अर्धी भाकरी टाकून उठली.

मी येणार नाही आणि तूही इकडे येऊ नकोस. डोकं ताळ्यावर ठेव आणि मी सांगतो ते कर. १ ऑगस्टपासून ओबळेश पुरसभेचा कुणी नाही. प्रणाली माणसाशिवाय चालते. म्हणजे चेंबरमध्ये माणूस असण्याचं कारणच नव्हतं. चौकशीला जो येईल त्याला लिहून दे, की नोकरी गेल्याच्या रागात तो दारू पिऊन आपणहून आत उतरला आणि यंत्राशी खेळत बसला. जोडही त्यानंच सैल केला असेल. तो पीत नव्हता हे मला सांगू नकोस. ते आता ठाऊक असलेलं कुणी उरलं नाही तर बरं.

दाखल्यावर तू त्या दिवशी दुपारीच सही केलीस ते छान केलंस. तारीख चौकशीच्या आधीची असणं बरं असतं.

गुरुशांतप्पा

*

हालुकेरी
९ ऑक्टोबर

भावोजी,

तुम्हाला लाज कशी वाटत नाही? ओबळेश कपभर चहालासुद्धा दोनदा विचारल्याशिवाय हात लावत नसे. त्याला मी दारुडा लिहू?

तिप्पक्का रोज ऑफिसच्या पायरीवर येऊन बसते. रडत नाही, ओरडत नाही. तिला कुणीतरी सांगितलंय की नवरा कामावर असताना गेला असं साहेबानं लिहून दिलं तर भरपाई मिळते आणि घरातल्या एकाला नोकरी मिळते. तिला माझ्याकडून ती एक ओळ हवी आहे. काल म्हणाली, "साहेब, तो तिथं नव्हताच म्हणता, मग तुम्ही मला घरी आणून दिलं ते कोण होतं?"

आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. मला ऐकू आलं होतं. आमदारांचं भाषण चालू होतं, ढोल सुरू व्हायचे होते. माझ्या खुर्चीखाली ठोकल्याचा आवाज आला. आधी चार ठोके, मग थोडं थांबून पुन्हा. तळव्याला जाणवत होतं. उठलो असतो तर भाषण थांबलं असतं, गालिचा उचलावा लागला असता, सगळ्यांसमोर खालून माणूस निघाला असता. मी चप्पल काढून पाय वर घेतले आणि मांडी घालून बसलो. म्हणजे जाणवू नये.

मी खरं लिहून देणार आहे. सोमवारी चौकशीचा अधिकारी येतोय. जे व्हायचं ते होवो.

कोट्रेश

*

दावणगेरे
११ ऑक्टोबर

कोट्रेश,

दे लिहून. मला काय.

तुला काय वाटतं, तू एकट्यानंच ऐकलंस? मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होतो. ढोल भाषण संपल्यावर वाजायचे होते, आधी का वाजले याचा विचार केलास? मी हात केला म्हणून वाजले. तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. मला वाटलं, शाबास, समजूतदार आहे. आमदारांनीही ऐकलं असणार. ते मध्येच अडखळले आणि मग माइक तोंडाजवळ ओढून मोठ्यानं बोलायला लागले. तिघांना ऐकू आलं आणि तिघंही बसून राहिले, हे तू एकट्याच्या डोक्यावर का घेतोस?

पण लिहायचं तर नीट लिही. अटी कुणाच्या अक्षरात आहेत? तुझ्या. ओबळेशला खाली कुणी उतरवलं? तू. मिस्ड कॉल कुणाच्या फोनवरून गेला? तुझ्या. दाखल्यावर सही कुणाची? यात माझं नाव कुठे सापडलं तर मला कळव.

लग्नपत्रिका छापून आल्या आहेत. सोबत एक ठेवली आहे. तुरुंगातल्या माणसाची मुलगी मी आनंदानं घरात आणीन रे, पण तुझी अक्का नाही आणणार. बायकांचं तुला ठाऊकच आहे. सहना गावभर आपल्या मैत्रिणींना सांगून बसली असेल. सोमवारच्या आत तिचा चेहरा एकदा बघून घे, मग लिही.

गुरुशांतप्पा

*

हालुकेरी
२० डिसेंबर

ती. भावोजींस,

शरणु शरणार्थी. लग्न झकास झालं, पाहुण्यांनी जेवणाची तारीफ केली. सहनाला सांभाळून घ्या, तिला पहाटे उठायची सवय नाही.

तुम्हाला हवं तसं मी लिहून दिलंय हे तुम्हाला कळलंच असेल. 'दारूच्या नशेत' हे शब्द मला लिहवेनात. अधिकारी म्हणाले, मी लिहितो, तुम्ही सही करा. केली.

सगळ्या ऑफिसला आमंत्रण होतं, तेव्हा ऑफिसच्या पायरीवर बसणारी म्हणून लग्नाला तिप्पक्काही आली होती. शेवटच्या पंगतीला बसली. अक्का विडे वाटत होती, तिला ओलांडून पुढे गेली. मी ते बघितलं आणि वाढप्याला हाक मारली, तिला पायस वाढ म्हणून. त्याहून जास्त काही माझ्यानं झालं नाही.

आता अडचण सांगतो. दिवे सगळे हिरवे आहेत आणि गावात पाणी नाही. बाकीचे चार नीरगंटी बंगळूरला बांधकामावर गेले. व्हॉल्व्ह कुठून कसे फिरतात हे फक्त तिप्पक्काला माहीत आहे, ती इतकी वर्षं नवऱ्याबरोबर फिरायची. परवा तीच ऑफिसात आली. "भरपाई नको साहेब, नोकरी तरी द्या." मी सांगितलं, ते पदच आता उरलेलं नाही. म्हणाली, "पद तुमच्याजवळ ठेवा, मला काम द्या. पोरांची शाळा सुटली तर तो मला विचारेल." कोण विचारेल, असं मी विचारलं नाही. कालपासून ती येते. तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

कोट्रेश

*

दावणगेरे
९ जानेवारी २०१८

चि. कोट्रेश,

अनेक आशीर्वाद. आनंदाची बातमी. हालुकेरीची प्रणाली राज्यात नमुना म्हणून निवडली गेली. २३ तारखेला अठरा गावांचे अध्यक्ष आणि मुख्याधिकारी ती बघायला येताहेत. त्यातल्या अर्ध्यांनी जरी घेतली तरी विरूपाक्षच्या मुलांची मुलं बसून खातील, आणि ती तुझीच पतवंडं.

माणसाविना मुख्य व्हॉल्व्ह उघडताना त्यांना बघायचाय. त्या बाईला आत बसव. अंगानं बारीक आहे, सोयीचं आहे. मंच मागच्याच जागी. या वेळी ढोल सुरुवातीपासून ठेव.

सहना रुळली आहे. माहेरची आठवण काढते अधूनमधून. संक्रांतीला पाठवणार नाही, पाहुणे येऊन गेले की बघू.

गुरुशांतप्पा

*

हालुकेरी
२१ जानेवारी

ती. भावोजींस,

तुमच्या सांगण्याप्रमाणे तयारी झाली आहे. मंचाच्या फळ्या आणून ठेवल्या, ढोलवाल्यांना साडेअकराला बोलावलंय. जेवणात नाचणीचे मुद्दे ठेवू नका, उत्तरेकडच्या गावचे चार जण आहेत, त्यांना भाकरी लागते.

जोडाला अजून चारच बोल्ट आहेत. ती पिशवी चौकशीवाल्यांनी पुरावा म्हणून नेली. नवे घ्यायचे तर खरेदीची फाईल करावी लागते, आणि मी समाधानकारक म्हणून दाखला दिलेल्या कामाला बोल्ट कशाला लागतात, असं फाईलवर कुणीतरी विचारणार. बाजारातून स्वतः आणावेत म्हटलं, तर त्या मापाचे इथे मिळत नाहीत. दावणगेऱ्यात मिळतील. तुम्हाला बसण्णाकडून दोनदा निरोप दिला होता, तुम्ही कामात असाल.

तिप्पक्काला आज बोलावून सगळं समजावलं. मोबाईल वाजला की फिरवायचं, मग भाषणं संपेपर्यंत हलायचं नाही. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. झाकणाकडे बघत म्हणाली, "साहेब, एक खरं सांगा. आतून ठोकलं तर वर ऐकू येतं का?"

तिच्याशी आणखी एकदा खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, येतं.

तिनं झाकणावरची नजर माझ्याकडे वळवली. तिला काय कळायचं ते कळलं. मला वाटलं, आता ही माझ्या तोंडावर थुंकेल आणि निघून जाईल, आणि देवाशपथ, भावोजी, तिनं तसं करावं असं मला वाटत होतं. तिनं पदर कमरेला खोचला आणि विचारलं, "परवा किती वाजता यायचं?"

दहाला यायला सांगितलं आहे.

आपला,
कोट्रेश